उत्तम देश कुठला?

आजचे वाचन: इब्री लोकांस पत्र ११:८-१६, यिर्मया अध्याय २४, २९:१-१४ आणि ४०:१-६



आजचं मनन रोजच्यापेक्षा लांब आहे. शास्त्र उघडून बाजूला ठेवा आणि सावकाश वाचा. एका दिवसात झालं नाही तर दोन दिवसांत वाचा.

गेल्या रविवारी भक्तीनंतर आमच्या तरुण संघाने एक खेळ घेतला. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. वर लिहायचं, मी आता कुठे राहतो. खाली लिहायचं, देवाने निवडायला सांगितलं तर कुठल्या देशात राहीन. नावं घालायची नाहीत. मग सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकून एकेक वाचायची.

वरच्या ओळीत सगळीकडे रत्नागिरीच होती. कुणी मिरकरवाडा लिहिलं होतं, कुणी नाचणे, कुणी भाट्ये. खालच्या ओळीत जग होतं. कॅनडा सर्वांत जास्त. मग जर्मनी, कारण आमच्या दोन मुली नर्सिंगला आहेत आणि जर्मन शिकतायत. न्यूझीलंड, दुबई, एक जपान. एकाने मुंबई लिहिलं होतं, तेव्हा सगळी पोरं हसली, “अरे, देश विचारलाय, देश!” आमच्या कोकणात मुंबई हा दुसरा देशच होता कित्येक पिढ्या, त्यामुळे मला काही हसू आलं नाही.

शेवटची चिठ्ठी एका आजींची होती. अक्षरावरून सगळ्यांनी ओळखलं. त्यांनी लिहिलं होतं, “रत्नागिरीच. पण मुलं घरात असलेली.”

ती वाचल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. आजींनी जो देश मागितला होता तो नकाशावर नाही. त्याचं तिकीट मिळत नाही, व्हिसा मिळत नाही.

मग कुणीतरी विचारलं, “काकू, तुमची चिठ्ठी कुठली?” मी म्हटलं, माझी राहिली. खरं म्हणजे राहिली नव्हती. मी वर रत्नागिरी लिहिलं होतं आणि खाली काही लिहिताच आलं नव्हतं. कोरी चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये टाकली होती. ती का कोरी राहिली, ते या मननाच्या शेवटी सांगते. आधी वचनाकडे जाऊ.

१. आमच्या गावातला परदेशी राजा

देश आणि निवड हा विषय निघाला की रत्नागिरीच्या माणसाला थिबा राजा आठवतोच. आपण शाळेची सहल त्या राजवाड्यावर नेतो, फोटो काढतो आणि परत येतो. यावेळी इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय मनात ठेवून मी त्याच्याकडे पाहिलं.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८७८ मध्ये तो मंडालेच्या गादीवर बसला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला त्याच्या राण्यांसह बोटीत बसवून देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, आणि १८८६ मध्ये रत्नागिरी. इंग्रजांना अशी जागा हवी होती जिथून पळता येणार नाही आणि जिथे कुणी भेटायला येणार नाही. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती. एका बाजूला सह्याद्री, एका बाजूला समुद्र, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. थिबा तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

पुढे १९१० मध्ये त्याला भाट्याच्या खाडीवरच्या टेकडीवर राजवाडा मिळाला. त्यात तो सहा वर्षं राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तिथेच वारला. म्हणजे तीस वर्षं रत्नागिरीत. व्हाइसरॉयला अर्ज करण्यात, पैशांच्या आणि मानपानाच्या तक्रारी करण्यात त्याची वर्षं गेली. आपल्याला परत जाता येईल ही आशा बरीच वर्षं त्याला होती.

राजा संध्याकाळी समुद्राकडे बघत बसायचा असं इथले लोक सांगतात. थिबा पॉइंटवर उभी राहिले की मला एक गोष्ट दरवेळी टोचते. तो समुद्र पश्चिमेला आहे. ब्रह्मदेश पूर्वेला, सह्याद्रीच्याही पलीकडे, त्याच्या पाठीमागे. ज्या पाण्याकडे बघून तो उसासे टाकत असेल, ते पाणी त्याच्या देशाच्या दिशेला नव्हतंच.

तो गेल्यावर त्याचं शव लगेच पुरलं नाही. ते मायदेशी न्यावं अशी घरच्यांची इच्छा होती. सरकारने परवानगी दिली नाही. शेवटी १९१९ मध्ये इथेच समाधी बांधली आणि मग राणी सुपयालत मुलींना घेऊन ब्रह्मदेशात परतली. त्याच काळातला दुसरा राजा आठवा. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर. त्याला इंग्रजांनी दिल्लीहून रंगूनला नेलं आणि १८६२ मध्ये तो तिथे वारला. ब्रह्मदेशाचा राजा आपल्या मातीत आणि आपल्याकडचा बादशहा त्यांच्या मातीत. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीपाशी आले, तेव्हा त्याच्या मृत्यूला शहाण्णव वर्षं होऊन गेली होती.

पण या घराण्यातली मला सर्वांत जवळची वाटते ती राजा नाही, राणीही नाही. थिबाची थोरली राजकन्या. राजवाड्यावर कामाला असलेल्या गोपाळ सावंत नावाच्या माणसावर तिचं मन बसलं आणि १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, टुटू. बाकी कुटुंबाबरोबर राजकन्या ब्रह्मदेशात गेली खरी, पण लवकरच मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली. ज्या देशासाठी तिच्या बापाने तीस वर्षं वाट पाहिली, त्या देशात पाय ठेवून ती परत आली! इथे तिच्या वाट्याला सुख आलं असं नाही. सावंतांचा संसार आधीच होता. गरिबीत तिचे दिवस गेले आणि १९४७ मध्ये ती वारली. टुटू मात्र इथेच वाढली, मराठी बोलली, इथेच लग्न झालं, इथेच मुलंबाळं झाली आणि २००० साली इथेच गेली. ब्रह्मदेशाच्या राजाची नात रत्नागिरीकरीण झाली.

एकाच घरातली तीन माणसं. बाप इथे राहून तिथे जगला. लेक तिथे जाऊन इथे परतली. नातीला इथे आणि तिथे हा प्रश्नच उरला नाही. आता वचन काय म्हणतं ते पाहू.

२. वचनदत्त देशातही तंबूच

इब्री पत्राचा लेखक अब्राहामाविषयी सांगतो तेव्हा आपण बहुतेक आठवी ओवी लक्षात ठेवतो. बोलावणं आलं आणि कुठे जायचं ते माहीत नसताना तो निघाला. परदेशी जाणाऱ्या मुलांच्या निरोपाच्या प्रार्थनासभेत ही ओवी हमखास वाचली जाते. पण नववी ओवी आपण घाईने ओलांडतो.

नवव्या ओवीत अब्राहाम पोहोचलेला आहे. ज्या देशाचं वचन देवाने दिलं होतं त्याच देशात तो आहे. आणि तरी तिथे तो परक्यासारखा राहतो, तंबूत राहतो. नुसता तोच नाही, इसहाक आणि याकोबही. तीन पिढ्या. म्हणजे देवाने दाखवलेल्या देशात पोहोचल्यावरही परकेपण संपलं नाही. ज्यांना वाटतं की एकदा तिथे पोहोचलो की झालं, त्यांच्यासाठी ही ओवी आहे. आणि ज्यांना वाटतं की मी माझ्या गावातच आहे म्हणजे मी घरी आहे, त्यांच्यासाठीही आहे.

त्या अख्ख्या देशात अब्राहामाने विकत घेतलेली जमीन उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात आहे. सारा वारली तेव्हा तिला पुरायला जागा नव्हती. एफ्रोन हित्तीकडून मकपेलाचं शेत आणि गुहा त्याने चारशे शेकेल रुपं मोजून घेतली. आधी तो तिथल्या लोकांना सांगतो की मी तुमच्यात परका आणि उपरा आहे. वचन सगळ्या देशाचं, आणि हातात आली ती कबरीपुरती जागा. थिबाच्या समाधीजवळ गेलं की मला हा अध्याय आठवतो.

मग पंधराव्या ओवीत लेखक एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. सोडून आलेल्या देशाचीच त्यांना ओढ असती तर परत जायला वाट मोकळी होती. ऊर काही बुडालं नव्हतं, हारानात नातेवाईक होते. ते गेले नाहीत, कारण त्यांना हवा असलेला देश मागे नव्हता. तो अजून पुढे होता, आणि तो देवाचा होता.

इथे आपण चुकतो. ‘स्वर्गीय देश’ म्हटलं की आपल्याला वाटतं, म्हणजे या जगातल्या देशाकडे लक्षच द्यायचं नाही. पण अब्राहाम विहिरी खणत होता, गुरं वाढवत होता, शेजाऱ्यांशी करार करत होता, सदोमासाठी देवाशी घासाघीस करत होता. तंबूत राहणारा माणूस इतकं काम करतो! तंबूचा अर्थ काम न करणं असा नाही. तंबूचा अर्थ एवढाच, की ही जमीन माझा देव नाही.

३. कोकणातून थेट वचनदत्त देशात

आपल्या कोकणातल्याच एका समाजाला हे सगळं अक्षरशः जगावं लागलं. बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेप्रमाणे फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि वाचलेली थोडी माणसं तिथेच राहिली. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. मराठी हीच त्यांची भाषा झाली आणि गावावरून आडनावं पडली: पेणकर, किहीमकर, नवगावकर.

१९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि त्यांच्यातले बहुतेक लोक हळूहळू तिकडे गेले. विचार करा, आपण ज्या देशाविषयी रोज शास्त्रात वाचतो त्या देशात ही मराठी माणसं कायमची राहायला गेली. मग तरी ‘पोहोचलो’ असं झालं का? काहींना तिथे इतका त्रास झाला, इतकं दुय्यम वागवल्यासारखं वाटलं, की त्यांनी आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून धरणं धरलं आणि १९५२ मध्ये ते परत आलेही. इथे आल्यावर त्यांतल्या अनेकांना पुन्हा तिकडची ओढ लागली आणि ते पुन्हा गेले. जे तिथे राहिले त्यांना पुढे आपलं यहूदीपण सिद्ध करण्यासाठी झगडावं लागलं. १९६४ मध्ये त्या वादाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

आज त्यांची मुलंनातवंडं हिब्रू बोलतात. तरी आनंदाच्या प्रसंगी पोहे, गूळ, खोबरं घालून मलिदा करतात आणि एलिया संदेष्ट्याची आठवण करून देवाचे आभार मानतात. इस्रायलमध्ये बसून कोकणातले पोहे! मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मला यात इब्री अकरा दिसतो. ज्या देशाचं वचन मिळालं तिथे पोहोचूनही माणसाच्या मनाचा एक कोपरा बाहेरच राहतो. तो कोपरा देवाने मुद्दाम रिकामा ठेवला आहे.

४. यिर्मयाचं पत्र, आणि मी खाल्लेला मार

आता माझी कोरी चिठ्ठी.

माझा मुलगा आठ वर्षांपासून ऑकलंडला आहे. सून आहे, पाच वर्षांचा नातू आहे. यजमान जाऊन आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून प्रत्येक फोनला एकच विषय. “आई, तू एकटी तिथे काय करतेस? घर विक आणि इकडे ये.” मी विषय बदलते. आंब्याचं विचारते, नातवाचं विचारते.

दोन महिन्यांपूर्वी त्याने जरा जोर लावला आणि मी चिडले. माझ्याजवळ हत्यार होतं ना! मी म्हटलं, “थांब, तुला वचन वाचून दाखवते,” आणि फोनवर यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय वाचला. घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, ज्या नगरात आहात त्याच्या हिताची काळजी घ्या, हा भाग. आणि वर ऐकवलं, “देव म्हणतो जिथे आहात तिथे राहा. मी इथेच राहणार.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “आई, ते पत्र कुणाला लिहिलंय? जे परदेशात गेले त्यांना. म्हणजे मला लिहिलंय. तुला नाही.”

फोन ठेवला आणि मी अध्याय पुन्हा उघडला. पोराचं बरोबर होतं. एवढी वर्षं मी हे मनन लिहिते आणि पत्रावरचा पत्ताच वाचला नव्हता!

पहिल्याच ओवीत आहे. नबुखद्नेस्सराने यरुशलेमेहून बाबेलला नेलेल्या वडिलांना, याजकांना, संदेष्ट्यांना आणि सर्व लोकांना यिर्मयाने हे पत्र पाठवलं. साल ख्रिस्तपूर्व ५९७ च्या नंतरचं. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया सांगतो, सत्तर वर्षं. म्हणून बागा लावा. कोकणातल्या माणसाला हे लगेच समजेल. दोन वर्षांत हापूसचं कलम फळाला येत नाही. पहिली काही वर्षं आलेला मोहोर आपण खुडूनच टाकतो. सामान बांधून बसलेला माणूस कलम लावत नाही. जो कलम लावतो त्याने मान्य केलेलं असतं की मी इथे आहे.

मग मी मागे जाऊन चोविसावा अध्याय वाचला आणि आणखी खाली बसले. देव यिर्मयाला मंदिरापुढे ठेवलेल्या अंजिरांच्या दोन टोपल्या दाखवतो. एकीत पहिल्या बहराची उत्तम अंजिरं, दुसरीत खाता येणार नाहीत इतकी नासकी. आपल्याला वाटेल, उत्तम ती यरुशलेमेत राहिलेली माणसं. उलट आहे! उत्तम अंजिरं म्हणजे बाबेलला नेलेले. नासकी म्हणजे राजा सिद्कीया आणि त्याच्याबरोबर देशात उरलेले. का? कारण उरलेल्यांना वाटत होतं की आम्ही इथे आहोत म्हणजे देव आमच्या बाजूला आहे. मंदिर आमचं, शहर आमचं, गेले ते गेले.

मी कुठल्या टोपलीत बसले होते ते मला कळलं. मुलगा गेला म्हणजे त्याने देश सोडला, मंडळी सोडली, आईला सोडलं, असा एक हिशेब मी मनात ठेवला होता. तो तिथल्या मंडळीत दर आठवड्याला जातो, आजारी म्हाताऱ्या शेजाऱ्याला दवाखान्यात नेतो, हे मला माहीत होतं. पण माझ्या हिशेबात ते धरलं नव्हतं. आणि माझं इथे राहणं? त्याला मी श्रद्धा म्हणत होते. त्यात श्रद्धा थोडी होती, भीती जास्त. तिथल्या घरात मी काय करणार? नातवाशी कुठल्या भाषेत बोलणार? इथे मी कुणीतरी आहे, तिथे मी फक्त कुणाची तरी आई. शिवाय यजमानांची कबर इथे. दर रविवारी मी तिथे फुलं ठेवते.

मकपेलाची गुहा मी पुन्हा वाचली. अब्राहामाने सारेसाठी शोक केला, रडला, पैसे मोजले, तिला पुरलं. आणि लगेच चोविसाव्या अध्यायात तो मुलाच्या संसाराच्या मागे लागला आहे. कबर त्याने घेतली, पण कबरीपाशी तंबू ठोकला नाही.

५. यिर्मयाला स्वतःला विचारलं तेव्हा

मग राहायचं की जायचं? याचं उत्तर म्हणून एक ओवी शोधायला गेले आणि यिर्मयाच्या चाळिसाव्या अध्यायात थांबले. तरुण संघाने आम्हाला जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न तिथे यिर्मयाला विचारला जातो.

यरुशलेम पडलं. कैद्यांच्या साखळीत यिर्मयाही आहे. बाबेलचा सेनापती नबूजरदान त्याच्या बेड्या काढतो आणि सांगतो, माझ्याबरोबर बाबेलला यायचं असेल तर ये, मी तुझी काळजी घेईन. नको असेल तर राहा. सगळा देश तुझ्यापुढे आहे, बरं वाटेल तिकडे जा.

ज्याने इतरांना बाबेलात बागा लावायला सांगितलं, तो आता तिथे मानाने जाऊ शकत होता. तिथे त्याचीच ‘उत्तम अंजिरं’ होती. इथे काय उरलं होतं? जळालेलं शहर आणि ज्यांना न्यायचीही किंमत नव्हती असे गरीब लोक. यिर्मया राहिला. मिस्पा येथे गदल्याकडे, उरलेल्या लोकांत जाऊन राहिला. आणि तिथेही त्याला राहू दिलं नाही. पुढे घाबरलेल्या लोकांनी त्याला त्याच्या मनाविरुद्ध मिसर देशात नेलं.

म्हणजे पाहा. बाबेलला गेलेले चुकले नाहीत. मिस्पाला राहिलेला यिर्मया चुकला नाही. मिसरात ओढून नेला तेव्हाही देवाचं वचन त्याच्याकडे येतच राहिलं. देवाने देशाप्रमाणे माणसं निवडली नाहीत. नासकी अंजिरं नासकी ठरली ती राहिल्यामुळे नाही, तर राहण्याचा गर्व केल्यामुळे, ऐकलं नाही त्यामुळे. हनन्या खोटा ठरला तो परत येण्याची आशा दिली म्हणून नाही. आशा यिर्मयानेही दिली. हनन्याने आजचा दिवस फुकट घालवायला शिकवलं.

थिबा राजाला असं पत्र कुणी पाठवलं नाही. तो कैदी होता, त्याला नावं ठेवायला मी बसले नाही. पण आपल्याला ते पत्र मिळालं आहे.

६. आपल्या कोकणासाठी

आपला जिल्हा जाणाऱ्यांचा जिल्हा आहे. गिरण्यांच्या काळापासून पुरुष मुंबईला आणि घर मनीऑर्डरवर. नंतर कुवेत, दुबई, सौदी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा वाटलं होतं, आता माणसं राहतील. रेल्वेने न्यायची सोयही केली. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे १६ लाख ९७ हजार माणसं होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. या आकड्याकडे नुसतं बघू नका. प्रत्येक बंद घराच्या कुलपामागे आमच्या त्या आजींची चिठ्ठी आहे.

म्हणून जाणाऱ्या मुलांना माझं सांगणं. जा, पण तंबू घेऊन जा. कॅनडा हा उत्तम देश नाही, तो दुसरा देश आहे. तिथे गेल्यावर दोन वर्षांत परत येऊ असं म्हणत अर्धवट जगू नका. तिथे बाग लावा. त्या नगरासाठी प्रार्थना करा. पौलाने ज्यांना तुमचं नागरिकत्व स्वर्गात आहे असं लिहिलं ते फिलिप्पैकर रोमी वसाहतीत राहणारे होते. वसाहतीतल्या माणसाचं काम रोमला परतणं नव्हतं, आपल्या गावात रोम दाखवणं होतं. तसं तुम्ही जिथे जाल तिथे देवाचं राज्य दिसू द्या. आणि आईला फोन करा.

राहणाऱ्यांना, म्हणजे मलाही. राहणं हा मोठेपणा नाही. गेलेल्यांचा हिशेब ठेवू नका. यिर्मया उरलेल्या गरिबांत जाऊन राहिला, तसं राहायचं असेल तर राहणं कामाचं. आमच्या वाडीत एकट्या राहणाऱ्या सहा म्हाताऱ्या बायका आहेत. मी इथे राहून त्यांतल्या किती जणींच्या दारात गेले? मोजलं तर दोन.

आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ मध्ये जन्मलेले नारायण वामन टिळक मला इथे आठवतात. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लोकांना वाटलं, हा माणूस आता परक्यांचा झाला. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती मराठी मातीत, मराठी अभंगांत आणली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. देव मिळाला म्हणून त्यांचा देश सुटला नाही, आणि देशासाठी त्यांनी देव सोडला नाही. तंबूत राहून विहीर खणणं म्हणतात ते हेच.

७. चिठ्ठीचं काय झालं

परवा मुलाला मीच फोन केला. त्याच्याकडे रात्र झाली होती. मी म्हटलं, “तुझं बरोबर होतं. ते पत्र तुला होतं. मी ते तुझ्यावर फेकायला वापरलं, माफ कर.” तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “आई, मला पण तू तिथे हवी असतेस. सुट्टीला आलो की घर उघडं असतं ना.” त्यालाही चिठ्ठीत दोन देश हवे होते. हे मला आठ वर्षांत कळलं नव्हतं.

घर विकायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. ठरलं असं खोटं लिहिणार नाही. पण कपाटात पडलेला व्हिसाचा अर्ज काढला. सहा महिन्यांसाठी जाऊन येईन. नातवाला मराठी शिकवीन, त्याच्याकडून काय शिकायचं ते शिकेन. तोपर्यंत त्या उरलेल्या चार घरांत जायचं आहे. पावसाच्या सुरुवातीला अंगणात एक कलम लावते आहे. त्याचे आंबे मी खाईन की दुसरं कुणी, ते देवाला ठाऊक.

आणि कोऱ्या चिठ्ठीवर खालच्या ओळीत काल लिहिलं, “तू असशील तिथे.”

मननासाठी प्रश्न

१. तुमच्या चिठ्ठीत खालच्या ओळीत काय येईल? तो देश नकाशावर आहे, की आजींसारखा मागे गेलेल्या दिवसांत?

२. तुमचं राहणं किंवा तुमचं जाणं, यांत श्रद्धा किती आणि भीती किती? देवापुढे प्रामाणिकपणे उत्तर द्या.

३. तुम्ही कधी शास्त्रवचन दुसऱ्यावर फेकायला वापरलं आहे का? ते पुन्हा वाचा. पत्ता कुणाचा आहे ते पाहा.

४. आज तुमच्या नगराच्या हितासाठी कुठली एक गोष्ट कराल? कुणाच्या दारात जाल?

प्रार्थना

हे अब्राहामाच्या, इसहाकाच्या आणि याकोबाच्या देवा, तू तंबूत राहणाऱ्यांचा देव म्हणवून घ्यायला लाजला नाहीस. आमच्या गेलेल्या मुलांना तिथे सांभाळ. त्यांना शेजारी दे, मंडळी दे, काम दे. आमच्या उरलेल्या आईबापांना इथे सांभाळ. त्यांच्या दारात कुणालातरी पाठव, आणि तो कुणीतरी मी असेन तर मला उठव. आम्ही जिथे आहोत तिथे आम्हाला पूर्ण राहू दे, आणि तुझ्या नगराची ओढ आमच्या मनातून जाऊ देऊ नकोस. प्रभू येशूच्या नावाने मागते. आमेन.

उद्या आपण उत्पत्तीचा चोविसावा अध्याय वाचू. प्रभू तुमचं कल्याण करो.